सिकलसेल आणि 'डेक्सा'ची सुई

संपादक महोदय,

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बातम्यांत हल्ली किती तपासण्या झाल्या, किती कार्डे वाटली हेच आकडे असतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचे उद्दिष्टच सात कोटी तपासण्यांचे, तेव्हा ते साहजिक आहे. पण 'एसएस' निघालेल्या, म्हणजे नुसता वाहक नसून प्रत्यक्ष आजार असलेल्या पेशंटचे पुढे काय होते?

या आजारात अधूनमधून अंग असह्य ठणकते. तसे झाले की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खेड्यातला पेशंट आधी जवळचा खासगी दवाखाना गाठतो. सलाईन लागते, त्यासोबत पुष्कळदा 'डेक्सा' म्हणजे स्टेरॉइडची सुई. आराम पडतो, हे खोटे नाही. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या लहान मुलांवरच्या चाचणीतही स्टेरॉइडने दुखणे लवकर थांबले होते. मात्र औषध थांबल्यावर ते उलटण्याचे प्रमाणही त्याच मुलांत जास्त निघाले.

दुसरे नुकसान तर दिसतही नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, तयार करतात. स्टेरॉइड वारंवार बाहेरून मिळत राहिले की मेंदूकडून त्यांना येणारा हुकूम थांबतो आणि त्या सुस्तावतात. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके दीर्घकाळ घेतली तरी हे होऊ शकते. मग मोठा ताप, जुलाब किंवा ऑपरेशनच्या वेळी लागणारे जादा कॉर्टिसॉल मिळत नाही. बीपी कोसळते, साखर उतरते, प्रसंगी जीव जातो.

त्याआधीची लक्षणे कोणती, तर थकवा, चक्कर, भूक मरणे, वजन घटणे. सिकलसेलच्या पेशंटने हे सांगितले की उत्तर ठरलेले: 'रक्त कमी आहे.' हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीइतकेच असले तरी!

सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल पाहिले तर ग्रंथी सुस्तावल्याचा किमान संशय तरी येतो. ही तपासणी जिल्हा रुग्णालयात या पेशंटना मोफत मिळावी. स्टेरॉइड कधी, किती दिले याची नोंद सिकलसेल कार्डावरच व्हावी; तोंडी विचारून काही कळत नाही, कारण सुईत काय होते हे पेशंटला कुणी सांगितलेलेच नसते. हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलची कुपी आरोग्य केंद्रात दमा आणि ॲलर्जीच्या रिॲक्शनसाठी ठेवतात. सिकलसेलचा पेशंट बीपी पडून आला तर डॉक्टरांना तीही आठवावी.

आणि जे कित्येक आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी हे पत्र वाचून त्या एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. चंद्रपूर