आज्जीसाठी 21 किलोमीटर

संपादक साहेब, नमस्कार.

माझी आज्जी, महाद्वार रोडवर डोळे झाकून फिरणारी, गेल्या वर्षी अंबाबाईच्या देवळातनं घरची वाटच विसरली, दोन तासांनी बिंदू चौकात सापडली. लोक म्हणाले वय झालंय, चालायचंच. पण डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जात राहणं, हे नुसतं म्हातारपण नव्हे, मेंदूच्या आजारामुळं होतंय ते आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, हे आम्हालाही उशिराच कळलं. आता तिच्यासाठी हाफ मॅरेथॉन पळणारय, 21.1 किलोमीटर, रोज पहाटे रंकाळ्यावर सराव चालूय, जमतील ते पैसे अशा पेशंटच्या सांभाळाला देणार. तिला माझं नाव आठवत नाही, पण बूट घालताना बघितलं की "जेवून जा बाळा" म्हणतेच.

21 सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतोय, तेव्हा तरी आपल्या पेपरात यावर सविस्तर छापा.

एक नातू, कोल्हापूर