जुन्या फियाटचे मूळ इंजिन भंगारात घालू नका

माननीय संपादक,

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात घरातील जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस दिसते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र मूळ इंजिन व गिअरबॉक्स उतरवून दुसऱ्या गाडीचे बसवण्याचा सल्ला ज्या सहजतेने दिला जातो, त्याविषयी स्वानुभवातून लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझ्या वडिलांनी १९७२ साली घेतलेल्या, म्हैसूर राज्याच्या काळातील ‘एमवाय’ क्रमांकाच्या फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन धूर टाकू लागले, तेव्हा एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी तिच्यात डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला. इंजिन त्याच्या बैठकीवर (फाउंडेशनवर) बसले म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. नवा गिअरबॉक्स लांब असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, कापून आखूड करावा लागला आणि फिरताना तो हादरू नये म्हणून त्याचे वजन समतोल (बॅलन्स) करून न घेतल्याने ताशी पन्नासच्या पुढे सारी गाडी थरथरू लागली. स्टिअरिंगजवळचा हँड गिअर गेला, नव्या गिअरच्या दांडीसाठी तळाचा पत्रा कापला गेला आणि जादा वजनाने पुढच्या स्प्रिंगा दबल्या. ब्रेक मात्र चारही चाकांना जुने ड्रमचेच राहिले. चोर्ला घाट उतरताना ते तापले आणि पेडल तळाला गेले; मागच्या सीटवर नातवंडे होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

कागदपत्रांचा विचार तर मी केलाच नव्हता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसीतील) नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी इंजिनात करायच्या बदलालाही ठरावीक अटी आहेत. इंजिन क्रमांक जुळत नसेल तर नोंदणीचे नूतनीकरण अडते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. शिवाय २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी केलेल्या नियमांत पन्नास वर्षांवरील खासगी गाडीची वेगळी नोंद होते व जुना क्रमांकही कायम ठेवता येतो, परंतु चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, हे खरे. पण वडिलांच्या गाडीसाठी मला तेवढेच पुरेसे आहे.

सुदैवाने उतरवलेले इंजिन मी विकले नव्हते, ते गोणपाटाखाली पडून होते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ब्लॉक बोअर करून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागातील झिजलेले सिलिंडर आतून कातून, त्यात थोडे मोठे (ओव्हरसाइज) पिस्टन घातले, पिस्टनमुळे फिरणारा क्रँक घासून (ग्राइंड करून) घेतला, व्हॉल्व्ह बसवून घेतले आणि ते पहिल्याच दिवशी धूर न टाकता चालू झाले. कास्टिंग आणि मशीनिंगमध्ये हात बसलेले कारागीर ज्या गावात आहेत, तिथे इंजिन बांधून घेण्याऐवजी बदलण्याचा मार्ग मी आधी धरला, याचे मला वाईट वाटते. कापलेला पत्रा जोडून घेतला आहे. त्याचा सांधा मॅटखाली हाताला अजून लागतो.

ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे, त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी तिचा ब्लॉक एकदा बोअरिंगवाल्याला दाखवावा. इंजिन बदलायचेच असेल तर परिवहन कार्यालयाची लेखी मंजुरी आधी घ्यावी, शाफ्ट आणि ब्रेक यांचे काम त्याच खर्चात धरावे आणि मूळ इंजिन कोणत्याही भावाला भंगारात देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव