‘-व्ही’चा अर्थ एजंटला कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआय एजंटने (स्वतः कमांड देऊन कामे उरकणाऱ्या एआय प्रोग्रॅमने) एखाद्या कंपनीचा डेटाबेस उडवल्याची बातमी आली की सगळी चर्चा एजंटच्या अकलेवर होते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने, काही बदल करू नकोस असे बजावलेले असताना, चालू डेटाबेस पुसला तेव्हाही तसेच झाले. दोष एजंटचा होताच. पण ऐरोली-महापे पट्ट्यात सर्व्हरची रोजची कामे आता एजंटकडे जाऊ लागली आहेत, तेव्हा दुसऱ्या बाजूबद्दलही बोलायला हवे. जी कमांड डेटा पुसते, तिच्या वर्णनात ते धडपणे लिहिलेले असते का?

बहुधा नसते. प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरचे पाहा. ‘डॉकर रन’ या कमांडमध्ये ‘-व्ही’ हा पर्याय म्हणजे व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) जोडा. कंटेनर थांबवून काढून टाकणाऱ्या ‘डॉकर कंपोज डाउन’मध्ये त्याच ‘-व्ही’चा अर्थ होतो व्हॉल्यूम पुसा, आणि त्यात फाइलमध्ये नाव देऊन ठेवलेले व्हॉल्यूमही आले, म्हणजे बऱ्याचदा अख्खा डेटाबेस. पुसण्याआधी ती काही विचारतही नाही. मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’मध्ये हेच अक्षर न जुळणाऱ्या ओळी दाखवते, इतर कितीतरी ठिकाणी ते नुसते ‘सविस्तर सांग’ म्हणते. नवा मुलगा इथे हात आवरतो, कारण चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला आधीच दम दिलेला असतो. एजंटला टपरी नाही. त्याच्या हाती मदतीच्या मजकुरातली ती एकच ओळ असते.

‘वापरात नसलेले’ हा शब्दप्रयोग तर फारच फसवा. ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ वापरात नसलेले व्हॉल्यूम काढते, म्हणजे ज्यांना एकही कंटेनर जोडलेला नाही असे. पण ‘डाउन’ केले की कंटेनरच जातो, आणि कालपर्यंतचा डेटा क्षणात ‘वापरात नसलेला’ ठरतो. त्यातही आवृत्ती २३ पासून ही कमांड फक्त निनावी व्हॉल्यूम काढते, नाव दिलेल्यांसाठी ‘ऑल’ जोडावे लागते. त्याआधी ती सरसकट पुसायची. एजंटने दोन्ही काळांतले मजकूर वाचलेले असतात. म्हणून आवृत्तीचा आकडा वर्णनातच हवा.

मग वर्णन कसे लिहावे? ‘डाउन -व्ही’पुरते आम्ही असे लिहू: “ही कमांड या प्रकल्पाचे कंटेनर आणि नाव दिलेले व्हॉल्यूम कायमचे पुसते. बॅकअपशिवाय ते परत आणता येत नाहीत. आधी ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ने यादी पाहा. नुसते थांबवायचे असेल तर ‘डॉकर कंपोज स्टॉप’ वापरा.” यातले शेवटचे वाक्य सर्वांत कामाचे. एजंटला सहसा पुसायचे नसतेच, त्याला अडलेले काम पुढे न्यायचे असते. कमी धोक्याची वाट तिथेच दाखवली तर तो ती धरण्याची शक्यता वाढते. आणि काय जाते हे पहिल्याच वाक्यात हवे. पानाच्या तळाशी लाल चौकटीत ठेवलेल्या इशाऱ्याचा रंग त्याच्यापर्यंत बहुधा पोचत नाही, आणि लांब पान मध्येच कापले गेले तर अक्षरेही नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या सल्फ्युरिक आम्लाच्या टँकरवर १८३० हा यूएन क्रमांक (धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय ओळख) बाहेरच्या बाजूला असावा लागतो, ड्रायव्हरच्या कागदांत असून भागत नाही.

नावेही सोज्वळ असतात: क्लीनअप, रीसेट, सिंक. फायलींची प्रत ठेवणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘डिलीट’ (मुळात नसलेले प्रतीतूनही काढ) जोडले आणि डिस्क माउंट न झाल्याने, म्हणजे जोडलीच न गेल्याने, मूळ फोल्डर रिकामे राहिले, तर प्रतही मुकाट्याने रिकामी होते.

एजंटच्या दृष्टीने एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच असते, आणि खरी गडबड तिथे होते. ‘गिट क्लीन’ (कोडच्या फोल्डरमधल्या, गिटकडे नोंद नसलेल्या फायली पुसणारी कमांड) नुसते चालवले तर नकार देते हे चांगलेच. पण अनेक आवृत्त्यांत तो नकार ‘-आय, -एन किंवा -एफ दिलेले नाही’ अशा शब्दांत येतो. ‘-एन’ फक्त यादी दाखवते, ‘-एफ’ फायली पुसते, आणि दोन्ही एका दमात सांगितलेले. एजंट तो नकार पुढची पायरी म्हणून वाचतो आणि ‘-एफ’ लावून मोकळा होतो. त्याऐवजी “४१२ फायली जातील, यादीसाठी -एन, पुसण्याआधी वापरकर्त्याला विचारा” असा मेसेज हवा. ‘हो की नाही’ विचारून फार काही साधत नाही, कारण तो प्रश्न टाळणारा ‘यस’चा पर्याय एजंटला तोंडपाठ असतो. सर्व्हरची उभारणी सांभाळणाऱ्या टेराफॉर्म या साधनाची पद्धत बरी: बदलांचा आराखडा फाइलीत साठवायचा आणि तीच फाइल लागू करायची. मधल्या काळात स्थिती बदलली तर ती फाइल शिळी ठरते आणि टेराफॉर्म ती नाकारते.

एजंटला बाहेरची टूल्स जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमसीपी या मानकात टूल विध्वंसक आहे की नाही ते सांगणारी खूण मार्च २०२५ पासून आहे. ती लावलीच नाही तर टूल विध्वंसक समजावे, हा त्यातला नियम शहाणपणाचा. मात्र मानक स्वतःच तिला फक्त सूचना म्हणते, अनोळखी सर्व्हरच्या खुणेवर विसंबू नये असेही सांगते. कुलूप वेगळेच लागते: एजंटच्या डेटाबेस खात्याला ‘ड्रॉप’चा, म्हणजे अख्खे टेबल पुसण्याचा, अधिकारच नको. मायएसक्यूएलमध्ये ‘ड्रॉप टेबल’ रोलबॅक होत नाही, म्हणजे मागे घेता येत नाही, पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या (अजून पक्क्या न केलेल्या बदलांच्या गटाच्या) आत होते, हा फरकही वर्णनात यावा. २८ फेब्रुवारी २०१७ ला चुकीच्या इनपुटमुळे अपेक्षेपेक्षा जास्त सर्व्हर काढले जाऊन अमेझॉनची एस-थ्री ही डेटा साठवण्याची सेवा कोलमडली. तिथे कमांड देणारा माणूसच होता. त्यानंतर कंपनीने ते टूलच हळू केले आणि क्षमता ठरावीक मर्यादेखाली जाणार नाही असा अटकाव घातला.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका सॉफ्टवेअरच्या निविदा काढतात. त्यांच्या स्वीकृती चाचणीत एक सोपी गोष्ट घालता येईल. बनावट नोंदी भरलेला सर्व्हर घ्यायचा, एजंटला फक्त टूल्सची वर्णने द्यायची आणि “डिस्क भरली आहे, जागा करून दे” एवढेच सांगायचे. त्याने मालमत्ता कराच्या नोंदींना हात घातला, तर कंत्राटदाराने आधी अधिकार काढावेत, मग वर्णन पुन्हा लिहून तीच चाचणी द्यावी.

— सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही वाचक, ऐरोली, नवी मुंबई