पळायला पाणंद असताना महामार्गाची कड कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणी, चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी या पट्ट्यात सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे पाचच्या आत घराबाहेर पडतात. त्यांतली बरीच जण महामार्गाची किंवा तालुक्याच्या मोठ्या रस्त्याची कड धरून पळतात. अंधार, अंगात गडद कपडे, कानात गाणी आणि मागून भरधाव वाहने. हे थांबायला हवे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठचे शिवार इतके सपाट आहे की सरावासाठी मोठ्या रस्त्याची गरजच नाही. कोणती वाट कोणत्या महिन्यात धरायची एवढे कळले पाहिजे आणि ग्रामपंचायतींनी थोडा हात लावला पाहिजे.

मोठ्या रस्त्यावर का जाता असे विचारले की 'तिथे अंतर कळते' असे उत्तर येते. त्यात तथ्य आहे. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत पळाले तर पूर्ण ६० गुण मिळतात. त्या वेगाने ५० मीटरला दहा सेकंद लागतात, म्हणजे मोजणीत ५० मीटरची चूक झाली तर सगळा सराव फसवा ठरतो. पण अंतर पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या वाटेवरही मोजता येते. सायकलच्या टायरवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत सरळ चालवा, तेवढे अंतर टेपने मोजून दहाने भागा. बसूनच मोजायचे, कारण वजनाने टायर दबतो आणि चाकाचा घेर थोडा कमी भरतो. एका फेऱ्याला २.१० मीटर आले तर १,६०० मीटरला ७६२ फेरे. दोन्ही टोकांना बांधावरच्या दगडाला चुन्याची खूण केली की हंगामभर पुरते. गावाला जोडणाऱ्या जुन्या डांबरी रस्त्यांवर २०० मीटरचे छोटे दगड अजून शाबूत असतील तर आठ टप्पे म्हणजे नेमके १.६ किलोमीटर. रस्ता रुंद करताना दगड उपटून पुन्हा लावलेले असतात, म्हणून एकदा पडताळून घ्यावे.

आता हंगाम. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत पळू नये. ही माती पाणी प्याली की फुगते, बुटाला चिकटते आणि शंभर पावलांत एकेका पायाला अर्धा किलो चिखल होतो. मग पाऊल उचलण्याची लय बिघडते आणि पोटरी, गुडघा दुखू लागतो. या काळात गावाला जोडणारा डांबरी रस्ताच बरा, तोही उजव्या कडेने, म्हणजे समोरचे वाहन दिसते. मात्र रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळाले तर एक पाय कायम खाली पडतो आणि कंबर धरते. वाहन नसेल तेव्हा मधोमध यावे. नदीकाठच्या गावांनी पुलांचे भान ठेवावे. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे कमी उंचीचे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. पाणी उतरल्यावर त्यांच्यावर बोटभर गाळ राहतो. तो वरून वाळलेला दिसतो, पण आत ओला असतो, त्यावर पाय सरकतोच. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन आणि मका वाळत घातलेला असतो. त्यावरून पळू नका. दाणे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात, आणि ते शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न आहे.

नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू होते आणि खरी काळजी तेव्हाच घ्यायची. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद वाटेवर वळताना मागची ट्रॉली आतून काप घेते. वळणाच्या आतल्या बाजूला उभा असलेला माणूस तिच्या चाकाखाली येऊ शकतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की वळण सोडून सरळ भागात, बाहेरच्या बांधावर चढून उभे राहावे. ड्रायव्हरला मागचे दिसत नाही आणि टेपच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चाकाखाली चिरडली की तिचा चोथा दहिवराने निसरडा होतो. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचटाखाली खड्डा लपतो. दोन्ही बाजूंना दहा-बारा फूट उभा ऊस असेल तर वाटेवर वारा लागत नाही, समोरचे दिसत नाही आणि घोणसही वाटेवर येते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाच्या आधी अशा वाटेला हातात बॅटरी हवीच. मधोमध पळावे, कडेच्या गवतात पाय घालू नये. साप चावलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको. पाय न हलवता गाडीने थेट सरकारी दवाखाना गाठावा.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. रानडुकरांना अडवायला बांधावर विजेचा झटका देणारी तार ओढलेली असते, मोटारीची केबल वाटेवर आडवी पडलेली असते. काही ठिकाणी तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि जीवघेणे आहे. म्हणून नवी वाट आधी उजेडात चालून पाहावी, मगच तिथे पळावे.

फेब्रुवारी ते मे ही खरी सुगी. खोडव्याखाली (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाखाली) नसलेली राने मोकळी होतात, पाणंद कडक होते. पण ओल गेली की काळ्या मातीला भेगा पडतात आणि काही भेगांत अख्खा पंजा जातो. अशा वेळी ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमधली उंच पट्टी धरावी. चाकोरीत पळाले की पाऊल आडवे पडते आणि घोटा मुरगळतो. वळीव झाला तर दोन-तीन दिवस, वाफसा येईपर्यंत, थांबावे.

पट्ट्यातली सगळ्यात सपाट वाट म्हणजे कालव्याचा रस्ता. पाणी वाहावे म्हणून कालव्याला अगदी जुजबी उतार दिलेला असतो, म्हणून चढ-उतार जवळजवळ जाणवत नाही. घटप्रभा डावा कालवा किंवा चिकोडी शाखा कालवा गावाजवळून जात असेल तर लांब पल्ल्यासाठी याहून चांगले काही नाही. मात्र हातपाय धुवायला कालव्यात उतरू नका. अस्तरीकरणाचा उतार शेवाळाने गुळगुळीत असतो, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

ग्रामपंचायतींना विनंती अशी की गावनकाशावरची गाडीवाट, महसुली कन्नडमध्ये जिला बंडीदारी म्हणतात, ती आधी मोजून मोकळी करावी. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडून नांगर सरकत सरकत ती बैलगाडीपुरतीही उरलेली नाही. सर्व्हे नंबर कर्नाटक सरकारच्या 'दिशांक' ॲपवर दिसतात, तेवढ्यावर वाद मिटत नाही, पण सुरुवात होते. मग मुरूम. तीन मीटर रुंद, शंभर मीटर लांब आणि सहा इंच जाड थराला दबलेला मुरूम सुमारे सोळा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो, म्हणजे सैल माल वीस ब्रासच्या आसपास मागवावा. दोन्ही बाजूंना चर खोदल्याशिवाय आणि पाणी मारून रोलर फिरवल्याशिवाय मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात तो काळ्या मातीत जिरतो आणि पैसे वाया जातात. मध्यभाग कडेपेक्षा तीन इंच उंच ठेवावा. हे काम एप्रिलमध्येच करावे. जूनमध्ये ओतलेल्या मुरुमावर ट्रॉली गेली की तिथेच चाकोरी पडते. कर्नाटक सरकारच्या 'नम्म होल, नम्म दारी' (आपले शेत, आपली वाट) योजनेचा हेतू शेतरस्ते हाच आहे. असा रस्ता उसाची गाडी, शाळेची सायकल आणि पळणारी पोरे या सगळ्यांच्याच कामाचा आहे.

साखर कारखान्यांनीही हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावूनच गाडी आत घ्यावी. काट्यावर वजन होते तिथेच पट्ट्या तपासता येतील.

आपले नम्र,
पहाटेच्या सरावाला जाणारे काही जण
चिकोडी-निपाणी परिसर, जि. बेळगाव