मेळाव्याची बातमी आधी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून एक फोटो असतो. फेटे बांधलेली, पिकल्या केसांची पंचवीस-तीस माणसं, मागे फलक, आणि वर मथळा: 'पन्नास वर्षांनी पुन्हा भरला वर्ग'. मी तो फोटो भिंग धरून नीट बघतो, कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून. आपल्याला एकच विनंती करायची आहे. ही बातमी मेळावा होऊन गेल्यावर छापता, ती पंधरा दिवस आधी छापा. दोन ओळी पुरतील.

मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा १९७४ चा पदवीधर. ७२ च्या दुष्काळात आम्ही शिकत होतो. सुट्टीत घरी गेलो की थोरला भाऊ खडी फोडायच्या कामावर आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापता येत नाही म्हणून आई रडलेली मी पाहिली आहे. बहुतेकांच्या घरची हीच कथा, त्यामुळे वसतिगृहात कुणाच्या घरून मनिऑर्डर आली की ती चौघांची असायची. एकमेकांना आम्ही गावाच्याच नावाने हाक मारायचो. बार्शी, खटाव, औसा, चांदवड. आजही फोनवर गावाचं नाव सांगितलं की पुरतं.

पुढे पांगापांग झाली. बँकांचं १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि शेतीकर्जासाठी त्यांना कृषी पदवीधर हवे होते, तिकडे बरेच गेले. काही मृद् संधारणात, काही साखर कारखान्यांवर शेतकी अधिकारी, दोघं-तिघं अकोल्याला महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळात. राहुरी, परभणी, दापोलीला प्राध्यापक झाले ते वेगळे. आणि काहीजण सरळ घरी जाऊन स्वतःची जमीन कसू लागले. माझ्या मते आमच्यातले सगळ्यात शिकलेले तेच.

या सगळ्यांना बांधून ठेवलं ते आमच्या बार्शीने. १९८४ साली त्याने प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकलं, तेव्हा ते १५ पैशांना मिळायचं. दसऱ्यापर्यंत आपली हकीकत लिहून पाठवा, एवढाच मजकूर. आलेल्या पत्रांमधून त्याने चार पानांचं पत्रक तयार केलं, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल यंत्रावर त्याच्या प्रती काढल्या आणि दिवाळीच्या आत सगळ्यांना पोस्टाने पाठवलं. पुढची सत्तावीस वर्षं एकही दिवाळी चुकली नाही. कुणाची बदली गडचिरोलीला झाली, कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कुणी द्राक्षबाग तोडून डाळिंब लावलं आणि का तोडली, कुणाची विहीर आटली, सगळं त्यात असे. शेवटच्या पानावर, ज्यांचं पत्र आलं नाही त्यांच्या गावांची यादी असे आणि खाली एक ओळ: 'यांची खुशाली कुणास ठाऊक असल्यास कळवावे.' मी पत्रक हातात पडलं की आधी ते पान उघडायचो. यादीतलं कुणी आपल्या वाटेवर असलं, तर दौऱ्यावर असताना वाकडी वाट करून जायचो. मीच नाही, सगळेच जायचे.

२०११ नंतर त्याचे हात थरथरू लागले आणि पत्रक थांबलं. पुढे व्हॉट्सअॅपचा ग्रुप झाला. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, अमेरिकेतल्या मित्राची नातवंडं मी त्यावरच पाहिली. पण ग्रुपमध्ये बार्शीसारखं विचारणारं कुणी नाही. सकाळी फुलांची चित्रं येतात, सणाला शुभेच्छा येतात, आणि ज्याला बोलायचं नसतं तो गप्प राहतो. गप्प राहिलेल्यांची यादी कुणी करत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचा जालन्याकडचा एक मित्र गेला. त्या दिवशी ग्रुपवर अडतीस वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली, त्यातली एक माझी. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी फोन केला तेव्हा वहिनींनी सांगितलं, चौदा महिने डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीन वेळा. या चौदा महिन्यांत तो रोज 'सुप्रभात' पाठवत होता आणि आमच्यापैकी एकालाही काही माहीत नव्हतं. ज्याच्या ताटात चार वर्षं जेवलो त्याच्या आजाराची बातमी आणि मरणाची बातमी आम्हाला एकाच दिवशी कळली. याचा सल माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर आम्ही तिघांनी कागदावर यादी काढली आणि रविवार वाटून घेतले. मेसेज नाही, फोनच करायचा. ऐकू कमी येत असेल तर घरातल्या माणसाशी बोलायचं. मेळाव्याची पद्धतही बदलली. पन्नास वर्षांचा मेळावा एका रिसॉर्टवर झाला होता. माणशी साडेतीन हजार, जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर, दोन तास सत्कार आणि लाउडस्पीकरचा आवाज. ज्यांच्याशी बोलायला गेलो त्यांच्याशी बोलणंच झालं नाही, आणि ज्यांना पैसे जड होते ते आले नाहीत. गेल्या वर्षी आम्ही साताऱ्यात एसटी स्टँडजवळचं तळमजल्यावरचं कार्यालय घेतलं. सकाळी दहा ते तीन. पिठलं-भाकरी, ठेचा, दही. हार नाही, शाल नाही. जागा एसटीच्या हिशेबाने निवडली, कारण रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, उलट राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आहे आणि पासष्टच्या पुढे अर्ध्या तिकिटात होतो. आमचे बरेचजण आता या दोन्हींच्या सीमेवर आहेत.

एकोणीसजण आले, आणि त्यातला एक चाळीस वर्षांनी आला. बार्शीच्या पत्रकात शेवटच्या पानावर वर्षानुवर्षं ज्याचं गाव असायचं, तोच. त्याच्याकडे साधा फोन आहे, ग्रुपचं त्याला काही माहीत नव्हतं. पण गावच्या वाचनालयात तो रोज वर्तमानपत्र वाचतो. आम्ही एका छोट्या साप्ताहिकाला विनंती केली होती, त्यांनी कोपऱ्यात दोन ओळी छापल्या, त्या त्याने वाचल्या आणि नातवाला घेऊन पहिल्या गाडीने आला. आमच्याआधी येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसला होता. नोकरी गेली म्हणून शरमेने पत्र लिहिणं सोडलं, असं त्याने जेवताना सांगितलं. बार्शीला आता बोलणं नीट जमत नाही, त्याने नुसता त्याचा हात धरून ठेवला.

म्हणून ही विनंती, संपादक महोदय. झालेल्या मेळाव्याचा फोटो आलेल्यांसाठी असतो. जे हरवले आहेत त्यांच्यापर्यंत आधीची बातमीच पोचते, आणि अशा माणसांच्या हातात अजूनही आपलंच वर्तमानपत्र असतं. आठवड्यातून एक दिवस, अर्ध्या रकान्याची जागा द्या. शाळा-महाविद्यालयाचं नाव, वर्ष, ठिकाण, तारीख. यादी जमवून पाठवायचं काम आमच्यासारखे निवृत्त लोक आनंदाने करतील.

आमचा यंदाचा मजकूर सोबत देत आहे, जमल्यास छापावा.

'कृषी महाविद्यालय, पुणे. १९७४ चे पदवीधर. भेट डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सातारा, सकाळी दहापासून. खर्च नाही. औसा, चांदवड आणि खटाव यांची पत्रे आलेली नाहीत. त्यांची खुशाली कुणास ठाऊक असल्यास कळवावे.'

आपला,
एक जुना वाचक, सातारा