डायनॅमोचा दिवा बसला, आभार!

माझ्या सायकलला पुढे कॅरिअर नाही, मग डायनॅमोचा दिवा लावायचा कुठे, या माझ्या प्रश्नावर ज्यांनी ज्यांनी डोकं चालवलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं माहीत नाहीत, म्हणून हे असं जाहीरच.

फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी दांड्याच्या) माथ्यातून ब्रेकचा बोल्ट जातो, तिथेच स्टीलची पट्टी अडकवा, असं सुचवणाऱ्यांना विशेष धन्यवाद. दिवा आता चाकाच्या बरोबर वर बसलाय आणि हँडलवरची पिशवी उजेडाच्या आड येत नाही. पट्टीच्या जाडीमुळे बोल्ट आखूड पडू शकतो, नटात पुरेसे आटे गेलेत ना ते बघा, हे बजावणाऱ्यांचे तर दुप्पट आभार. शेवटी ब्रेकचाच बोल्ट तो! आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट लावल्यापासून खडखडही थांबली.

दिवा हँडलखाली उलटा टांगायचा मोह होता, खरं सांगतो. पण या दिव्यांचा झोत वरच्या बाजूने कापलेला असतो. उलटा केला की सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. ज्यांनी अडवलं ते भले लोक.

हबचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधल्या तुंब्यातला, डायनॅमो 6 व्होल्ट, 3 वॅटचा, त्यामुळे बारीक दुपदरी वायर पुरली. दिवा फोर्कवरच असल्याने हँडल वळवलं तरी ती ताणत नाही. ढील ठेवावी लागली ती फक्त मागच्या दिव्याच्या वायरला. ती सध्या फ्रेमला चिकटपट्टीनेच धरलीय. तिच्यासाठी पुन्हा त्रास देणार आहे, तयारीत राहा.