सैनिकाचे घर चालवणाऱ्या पोरांची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विजय दिवसाच्या निमित्ताने आपल्या दैनिकात दरवर्षी माजी सैनिकांच्या मुलाखती येतात. 1971 च्या लढाईत मी पूर्वेच्या आघाडीवर होतो, त्यामुळे शाल-श्रीफळाचा मान माझ्याही वाट्याला आला आहे. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला जंगी पलटणीने, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने, काय केले, 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही कशी झाली, हे छापून येते आणि यायलाच हवे. पण त्या दिवसांत आमच्या मागे आमची शेती कोणी ओढली, हे मला आजवर एकाही कार्यक्रमात कोणी विचारलेले नाही.

मराठा रेजिमेंटचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूर, पलीकडे चंदगड, इथल्या पोरांना भरतीची वाट जुनी. थोरला पलटणीत आणि धाकटा औताला, अशी कितीतरी घरे मी पाहिली आहेत. आमचे त्यातलेच एक.

1971 च्या ऑक्टोबरात मी सुगीसाठी रजेवर आलो होतो. भात पिवळे पडू लागले होते आणि रजा रद्द झाल्याची तार आली. वडील आधीच वारलेले. घरात आजी, आई, दोन लहान बहिणी आणि शहरातल्या हायस्कुलात नववीत शिकणारा भाऊ, वय 15. मी पिशवी भरत होतो तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला. भावाने एवढेच विचारले, "दादा, लोहाराकडं विळे दिल्यात, ते कवा आणायचे?" दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेला नाही.

आमच्याकडे कापणी पैऱ्यावर चालायची. आज तुमच्या शेतात माझा माणूस, उद्या माझ्या शेतात तुमचा. गावाने हिशेब लावला: पोराचे दोन दिवस म्हणजे बाप्याचा एक. कोणाच्या मनात वाईट नव्हते, रीतच तशी होती. पण आमचे भात खळ्यावर यायला त्याला दुप्पट राबावे लागले. दिवस लोकांच्या शेतात जायचा म्हणून मळणी रात्रीची. एक बैल आमचा, एक वारंगुळ्याचा म्हणजे आळीपाळीने वापरायला दुसऱ्याचा घेतलेला, मधोमध बैल बांधायचा खांब म्हणजे मेढ आणि अंगावर कांबळे घेतलेला हा पोरगा बैलांमागे गोल फिरतोय. हे मी पाहिलेले नाही, आईने सांगितलेले आहे. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरावा लागतो. ओल उडाली की वर्षाचे कडधान्य गेले. तिकडे लढाई पेटली त्याच आठवड्यात इकडे आमच्या शेतात पेरणीची कुरी चालू होती, चाड्यावर बी सोडायला आई आणि बैलांमागे तो.

शेतीपेक्षा कागद जड होते. सोसायटीच्या कर्जावर अल्पवयीन म्हणून त्याची सही चालत नव्हती. अंगठा आईचा, पण काय लिहिलेय ते तिला सांगणारा हा. तेव्हा आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, कागद कन्नडमध्ये, आणि हा मराठी शाळेत शिकलेला. ते समजून घ्यायला तो शेजारच्या गावातल्या मास्तरांकडे चालत जायचा. मला 99 एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर अंतर्देशीय पत्र यायचे ते त्याच्याच हातचे. त्यात भाताची पोती, बैलाचा खूर, बहिणींची खुशाली एवढेच असायचे. आजी त्या थंडीत महिनाभर अंथरुणाला खिळली होती. त्याने एका अक्षराने मला कळू दिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी रजेवर आलो तेव्हा त्याने परत शाळेत जावे म्हणून मी खटपट केली. हेडमास्तर तयार होते, तो तयार झाला नाही. मी पेन्शन होईपर्यंत नोकरी केली, तो आजतागायत शेतात आहे.

काही वर्षांपूर्वी त्याला दाखल्याची गरज पडली म्हणून आम्ही शाळेत जाऊन जनरल रजिस्टर काढून घेतले. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात एकच शब्द होता, घरकाम. युद्ध नाही, तार नाही, सैनिकाचा भाऊ नाही. सरकारदरबारी त्याने जे केले त्याचा तेवढाच पुरावा आहे.

कोणी म्हणेल, त्या काळात गरिबांची पोरे शाळा सोडतच होती. खरे आहे. पण जो नववीपर्यंत गेला होता, ज्याची फी मी पगारातून भरत होतो, त्याला त्या तारेने शाळेतून काढले. हा लढाईचा खर्च आहे आणि तो लढाईच्या हिशेबात धरला पाहिजे. पोरांनी राबावे यात मला कौतुक वाटत नाही, हेही स्पष्ट लिहितो. दुसऱ्या महायुद्धात बाप इटलीत किंवा आफ्रिकेत आणि दारात धान्याच्या लेव्हीसाठी, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीसाठी, आलेली माणसे, तेव्हा धान्य मोजायची पायली धरून उभी राहिलेली पोरे आमच्या आधीच्या पिढीत होती. त्या लढाईतल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची माहिती रेजिमेंटमुळे जपली गेली. पायली धरणारी ती पोरे आता जवळजवळ सगळी गेली, काही न सांगता.

हे फक्त जुने दुखणे असते तर पत्र लिहिले नसते. 2025 च्या मे महिन्यात रजेवरच्या जवानांना परत बोलावले, तेव्हा आमच्या शेजारचा जवानही पेरणीची तयारी टाकून गेला. मागे त्याची बायको आणि नुकतीच दहावी झालेली मुलगी. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे, बियाणे, खत, सगळे त्या मुलीने अंगावर घेतले. सवलतीच्या बियाण्यासाठी ती एका कार्यालयात गेली तर उत्तर मिळाले, ज्याच्या नावावर उतारा आहे त्यालाच पाठव. तो सीमेवर आहे, असे तिने सांगितले. तरी तिला दोन वेळा परत पाठवले. पन्नास वर्षांत बैल जाऊन ट्रॅक्टर आला, पण जो घर चालवतो त्याला खिडकीपाशी आजही किंमत नाही. माझा संताप त्या मुलीसाठी आहे.

म्हणून दोन मागण्या करतो. जवान कर्तव्यावर असेल तर त्याच्या पलटणीचे पत्र दाखवून घरातल्या माणसाला बियाणे, पीककर्ज, पीकविमा यांची कामे करता यावीत. सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याने यासाठी महसूल आणि कृषी खात्यांकडून लेखी आदेश काढून घ्यावा.

दुसरी मागणी आपल्याकडे. आमच्या भागातल्या मराठी शाळांचा पट घटतो आहे. शाळा बंद झाली की जुनी रजिस्टरे कुठे जातात, सगळ्यांना माहीत आहे. 1965 आणि 1971 साली शाळा सोडलेल्या मुलांची नावे त्यातून उतरवून घ्यावीत. त्यांतली जी माणसे आज हयात आहेत ती सत्तरीच्या आसपास आहेत. येत्या विजय दिवसाला आपल्या दैनिकाचे एक पान त्यांच्यासाठी ठेवा. माझा भाऊ बोलायला तयार होईल की नाही, सांगता येत नाही. पण गावात अशी आणखी माणसे आहेत, बायकाही आहेत. आपले बातमीदार आले तर मी त्यांना घरोघर घेऊन जाईन.

आपला,
एक माजी सैनिक, बेळगाव तालुका